शुभाची सरासरी

शुभा देवस्थळी कुठेच वेळेवर पोचत नसे, आणि यात तिचा काडीचाही दोष नव्हता. दोष माणसांचा होता. माणसं तिच्या वाटेत उभी असत. सिंगापुरात बुकित पंजांगमधल्या तिच्या ब्लॉकखाली उतरलं की पहिल्या खांबापाशी पिंजऱ्यातला बुलबुल घेऊन बसलेले म्हातारबुवा, मग त्या बुलबुलाची चौकशी. पुढे लिफ्टपाशी लिम आजी, त्यांच्या गुडघ्याची चौकशी. भाजीच्या दुकानात पोचेपर्यंत मेथी संपलेली. बरं, शुभाला मलाय येत नव्हती, चिनी येत नव्हती, इंग्रजी कामापुरती. पण त्यामुळे तिचं बोलणं कधी अडलं नाही. उलट शब्द कमी पडले की ती हात जास्त हलवी, आणि माणसं आणखी थांबत.

नवरा नेमका उलट. उद्धव देवस्थळी जुरोंग आयलंडवर रिफायनरीत प्रोसेस इंजिनियर. कंपनीची बस सकाळी येते आणि कुणासाठी थांबत नाही, ही गोष्ट तो पाहुण्यांना कौतुकाने सांगे. कुठल्या पाइपातून किती तेल किती वेळात जाईल हे सांगण्याचाच त्याला पगार मिळे. पाइपातलं तेल वाटेत कुणाच्या गुडघ्याची चौकशी करत नाही, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्याची गंमत पुढे येतेच.

तर अशी ही शुभा सायकल शिकली चव्वेचाळिसाव्या वर्षी. मिरजेला वडिलांचं तंतुवाद्यांचं दुकान होतं, भावाला सायकल होती, आणि शुभाला ती पुसायची परवानगी होती. चालवायची नव्हती. ते मनात कुठेतरी रुतून बसलेलं तिने एकदा सहज अश्लेषाला सांगितलं. अश्लेषा म्हणजे समोरच्या ब्लॉकमधली मैत्रीण. वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत दिवसभर जीवाणू पोसायची आणि संध्याकाळी शुभाकडे चहाला यायची. तिने ऐकलं, आणि पुढच्या शनिवारी कुणाची तरी जुनी घडीची सायकल उचलून घेऊन आली. "बस," म्हणाली.

"सोडणार नाहीस ना?"

"नाही सोडणार."

आता जगात सायकल शिकवणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, आणि दुसऱ्या मिनिटाला हात काढून घेतो. अश्लेषा तसली नव्हती. तिने शब्द दिला होता. कॅरियर घट्ट धरून ती पार्क कनेक्टरच्या, म्हणजे बागांना जोडणाऱ्या सायकलवाटेच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत शुभाच्या मागे धावली. पुढच्या शनिवारी धावली, त्याच्या पुढच्याही धावली. पावसाळी बूट घालून धावली. दोन महिने धावून ती इतकी बारीक झाली की प्रयोगशाळेतल्या लोकांनी तब्येतीची चौकशी सुरू केली. शेवटी एके दिवशी शुभालाच मागचं ओझं जाणवायला लागलं आणि ती म्हणाली, "अगं, आता सोड की." तेव्हा कुठे अश्लेषाने सोडलं आणि गवतात आडवी पडून हसत सुटली.

पुढे अश्लेषा बुओना व्हिस्टाच्या एका काँडोत, म्हणजे गेटवाल्या खासगी सोसायटीत, राहायला गेली. शुभाची सायकल मात्र सुसाट सुटली ती सुटलीच. उद्धवने तिच्या वाढदिवसाला सायकलला लावायचं मीटर आणलं. वेग दाखवायचं, अंतर दाखवायचं, आणि सरासरीही दाखवायचं. सरासरी आली ताशी चौदा किलोमीटर. उद्धव हरखला. ज्या बायकोला खालच्या दुकानातून कोथिंबीर आणायला तास लागतो तिची सरासरी चौदा. त्याने हा आकडा मुलाला, वरुणला, मेलबर्नला फोन करून कळवला. वरुण सिंगापुरी थाटात म्हणाला, "आईचं मीटर स्पॉइल झालंय लाह."

मीटर खराब नव्हतं. फक्त त्याची एक खोड उद्धवच्या लक्षात आली नव्हती, आणि या गोष्टीतला सगळा घोळ त्याच खोडीपायी झाला. चाक फिरतं तोवर ते मोजायचं. चाक थांबलं की ते झोपून जायचं.

*

दोन हजार सोळा सालची रथसप्तमी रविवारी आली. संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस. सगळ्या बायकांनी "करू की सावकाश" म्हणत ढकललेलं हळदीकुंकू त्याच दिवशी. त्यातून व्हॅलेंटाइन डे. त्यातून चिनी नववर्षाचा सातवा दिवस, आणि लिम आजींच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी जगातल्या सगळ्या माणसांचा एकत्र वाढदिवस असतो. त्यांनी सकाळीच दार वाजवून शुभाला संत्र्यांची जोडी दिली आणि "हॅपी बर्थडे" म्हटलं. शुभाने त्यांना तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणून मराठीत बजावलं. असा एकूण झकास दिवस होता.

आणि त्याच संध्याकाळी अश्लेषा सिंगापूर कायमचं सोडून चालली होती.

प्रयोगशाळेची मुदत संपली, कामाचा पास संपला. नवरा धैर्यशील सामान घेऊन आधीच पुण्याला गेला होता. अश्लेषाने शुभाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. "सहाला टॅक्सी आहे. निघताना हातावर दही घालायला तू ये, माझा फ्रिजसुद्धा विकलाय. आणि हे बघ, सायकलवर ये. मला एकदा तुला लांबून येताना बघायचंय. इतकी धावले मी, आणि तुला येताना कधी बघितलंच नाही, सदा आपली पाठच."

यात शुभाने धास्ती घेण्यासारखं काय होतं, तर मागच्या वर्षीचं दही. अश्लेषा आईच्या ऑपरेशनसाठी तातडीने निघाली होती, शुभा वाटी घेऊन धावली होती, आणि वाटेत बसस्टॉपवर एका रडणाऱ्या मोलकरणीची समजूत घालत बसल्यामुळे पोचली तेव्हा टॅक्सी गेलेली. काय करावं न कळून तिने ते दही काँडोच्या गेटवरच्या चिनी गार्डकाकांच्या हातावर घातलं. त्यांनी ते साखर मागून खाल्लं. ऑपरेशन छान झालं, आई आजही खुटखुटीत आहेत. पण पोरगी दही न घेता गेली, ही टोचणी शुभाच्या मनातून जाईना. यंदा तसं होऊन चालणार नव्हतं. यंदा गेली की गेली.

उद्धवला त्या दिवशी ड्यूटी होती, आणि प्लांटमध्ये फोन न्यायची बंदी. म्हणून त्याने आदल्या दिवशीच सगळं आखून दिलं. वाटेत तीन हळदीकुंकवं, प्रत्येकी वीस मिनिटं. जुन्या रेल्वेच्या वाटेने बुओना व्हिस्टा बारा किलोमीटर, सरासरी चौदा, म्हणजे तासाच्या आत. "तीनला नीघ. पाचला पोचशील. तासभर गप्पा मारायला उरेल," तो म्हणाला, आणि इतक्या विश्वासाने म्हणाला की शुभालाही ते खरं वाटलं.

तीनला शुभा निघाली. काळी साडी, वर खोचलेली, आत लेगिंग. केसात गजरा, गजऱ्यावर हेल्मेट. पुढच्या टोपलीत लिम आजींची संत्री आणि टॉवेलात गुंडाळलेला दह्याचा डबा. असं दही लागलं होतं की सुरीने काप पाडावेत. बुलबुलवाले म्हातारबुवा उठून उभे राहिले. शुभाने त्यांना नुसता हात केला आणि न थांबता पुढे गेली. ते बिचारे घाबरलेच असतील, घरी कुणी आजारी आहे की काय म्हणून.

पहिलं घर मेधाचं. इथे शुभाने कमाल केली. हळद लावून घेतली, कुंकू लावून घेतलं, मटारची उसळ उभ्याने खाल्ली आणि "पुन्हा येते" म्हणून पायात चपलाही सरकवल्या. पण मेधाने वाण म्हणून दिली ती भलीमोठी पिठाची चाळण. ती टोपलीत मावेना, कॅरियरवर बसेना. तीन बायका खाली उतरल्या आणि आपापली मतं देऊ लागल्या. शेवटी ती चाळण हँडलला पुढे बांधली, तेव्हा सायकलला पूर्ण चंद्र उगवल्यासारखं दिसायला लागलं. मग त्या चंद्रासकट सगळ्यांचे फोटो झाले.

दुसरं घर हिलव्ह्यूला गार्गीचं. गार्गी आयटीतली मॅनेजर, नवीन लग्न झालेली, आणि तिने ठरवलं होतं की उखाणा घेतल्याशिवाय कुणाला पन्हं मिळणार नाही. बायकांची रांग लागली होती. एकीला तर दुसरी ओळच आठवेना आणि ती आठवेपर्यंत कुणाला पुढे जाऊ देईना. शुभाची पाळी आली तेव्हा तिने हेल्मेट काखेत धरून खणखणीत घेतला:

"पार्क कनेक्टरवर सायकल धावते चौदाच्या वेगानं,
उद्धवरावांचं नाव घेते हेल्मेट धरून हातानं."

झालं. असा उखाणा कुणी ऐकला नव्हता. पुन्हा एकदा, व्हिडिओ काढायचाय. आता जोडीला घंटी वाजव. आता सायकलवर बसून. शुभा हसून हसून बेजार झाली. खोटं कशाला बोला, तिला मजा येत होती. दोन ग्लास पन्हं पिऊन बाहेर पडली तेव्हा तिने घड्याळ बघितलं. पाच वाजून गेले होते.

तरी मीटर काय सांगत होतं? सरासरी चौदा. शुभाला वाटलं, मग अजून जमेल.

तिसरं घर बुकित तिमाहपाशी, शिरीष कुलकर्णीचं. तिथे शिरीषची आई होती, नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेली. सून आणि मुलगा मॉलमध्ये गेले होते. आजींनी एकटीनेच हळदीकुंकू मांडलं होतं. पाट, रांगोळी, समई, फुलदाणीत गुलाब. आणि सकाळपासून एकही बाई आली नव्हती, कारण आमंत्रणं करायची राहिली होती. शुभाला तरी कुठून कळलं, तर मागच्या आठवड्यात बसमध्ये त्यांची ओळख झाली होती म्हणून.

आजींनी ओटी भरली. मग शुभाचा हात धरला तो धरलाच. "बस गं जरा," म्हणाल्या. "सकाळपासून मराठी बोलले नाहीये."

शुभाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिला दिसत होतं की उठलं तर आत्ताच, आणि कदाचित, धावत, सहा म्हणजे सव्वासहा. मग तिने आजींकडे बघितलं. त्यांनी आपल्यासाठी म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. शुभा बसली. मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडल्या, उद्धवला आठ, आणि बसली. आजींनी नाशिकचं घर सांगितलं, घरातली मांजर सांगितली, मांजर आता शेजाऱ्यांकडे कशी जेवत नाही ते सांगितलं. शुभाने सगळं नीट ऐकलं. अर्धवट ऐकायला तिला येतच नव्हतं. निघताना आजींनी वाण दिलं, गॅलरीत स्वतः वाढवलेलं कढीपत्त्याचं रोप, कुंडीसकट.

खाली उतरली तेव्हा सहा वाजून बराच वेळ झाला होता. अश्लेषाचा फोन लागेना; तिने सिमकार्ड सकाळीच बंद केलं होतं. टॅक्सी बोलवावी तर त्या दिवशी अख्खं शहर गुलाब घेऊन टॅक्सीत बसलेलं. शुभा कुंडी कॅरियरला बांधत रडली. लिम आजींची संत्री, चाळण, नारळ, रोप, सगळं होतं तिच्याजवळ. एक मैत्रीण तेवढी निघून गेली होती.

आणि तरीही ती सायकलवर बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. विमानं उशिरा सुटतात, टॅक्स्या बंद पडतात. काहीच नाही तर गार्डकाका आहेत, दही आहे.

आयुष्यात पहिल्यांदा शुभा कुणाशी न बोलता गेली. जुन्या रेल्वेची वाट, रूळ काढून टाकलेले, दोन्हीकडे झाडी, मध्ये चिखल. लोखंडी पुलावर जोडपी फोटो काढत होती. समोरून चाळणीचा चंद्र आणि मागे कढीपत्त्याचं झाड घेऊन येणारी काळ्या साडीतली बाई बघून ती दोन्ही कठड्यांना चिकटली. एका पोरीने टाळ्या वाजवल्या. मीटर अठरा दाखवत होतं, मग वीस. गजरा सुटून मानेवर आपटत होता. चिखल पिंढऱ्यांपर्यंत उडत होता. आणि रडता रडता शुभाच्या लक्षात आलं की आपल्याला भयंकर आनंद होतोय. पाय आपोआप फिरत होते, वारा कानात शिरत होता, आणि मिरजेतली ती पुसून लख्ख केलेली सायकल आज कुठेतरी आपल्याखाली धावतेय असं तिला वाटलं. ती जोरात हसली. मग सहाची टॅक्सी आठवून पुन्हा रडली. असं आलटून पालटून करत ती बुओना व्हिस्टाच्या काँडोपाशी पोचली तेव्हा दिवे लागले होते.

गेटवर तेच गार्डकाका. शुभाला दम लागला होता. तिने नुसता डबा पुढे केला.

गार्डकाकांनी डब्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग शुभाकडे. "आंटी, टुडे सो अर्ली आह?" ते म्हणाले. "मॅडम से यू कम एट ओ'क्लॉक. नाउ ओन्ली हाफ पास्ट सेव्हन."

शुभाला काही कळेना. मॅडम गेल्या ना? सहाच्या टॅक्सीने?

"टॅक्सी एट-थर्टी लाह," गार्डकाका म्हणाले. "मॅडम से, कर्ड लेडी आय टेल सिक्स, शी कम एट."

शुभा तिथेच, सायकलवर बसल्या बसल्या, डबा छातीशी धरून हसायला लागली. वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अश्लेषा दोन्ही हात हलवत उभी होती. साडेसहापासून उभी होती, लांबून येताना बघायचं होतं ना. "दिसलीस गं," ती वरून ओरडली, "वळणापासून दिसलीस. आधी चाळण दिसली."

रिकाम्या घरात खिडकीच्या कठड्यावर अश्लेषाने करंडा ठेवला होता. दोघी दोन सुटकेसांवर बसल्या. हळद झाली, कुंकू झालं. शुभाने डबा उघडला तर काप पाडण्याजोग्या दह्याचं रेल्वेच्या चिखलातल्या खड्ड्यांनी पार ताक करून टाकलं होतं. तिने ते चमच्याने अश्लेषाच्या तळहातावर घातलं, ते बोटांतून गळलं, मनगटावर ओघळलं. अश्लेषाने तळहात चाटून घेतला.

"माझंच आहे की गं हे," ती म्हणाली.

खरंच तिचंच होतं. आठ वर्षांपूर्वी शुभा नवीन नवीन आली, दुकानातल्या दह्याने विरजण लावी आणि तार सुटे, तेव्हा समोरच्या ब्लॉकमधली एक अनोळखी बाई वाटीभर विरजण घेऊन आली होती. तिथून हे चालू होतं, रोज रात्री, एक चमचा उद्यासाठी बाजूला काढून.

"पुण्याला काय दह्याचा दुष्काळ आहे?" अश्लेषा नवा कोरा रुमाल डब्यात बुडवायला लागली तेव्हा शुभा म्हणाली.

"दही आहे. हे नाही." तिने रुमाल पिळला आणि वाळायला पंख्याखाली धरला. एवढी जीवाणूंची शास्त्रज्ञ बाई, पण शेवटी आजीबाईंचीच युक्ती, विरजण रुमालात वाळवून न्यायची. मग तिने पर्समधून शुभासाठी वाण काढलं, विकलेल्या स्वतःच्या सायकलची पितळी घंटी. सायकल घेणाऱ्याला तिने सांगितलं होतं म्हणे, घंटी मिळणार नाही.

साडेआठला टॅक्सी आली. सामान चढलं. दोघींना मिठी मारता येईना, कारण शुभाच्या अंगभर चिखल आणि अश्लेषाच्या हातभर दही. "तू सायकलवर बस," अश्लेषा म्हणाली, टॅक्सीत बसून काच खाली केली, आणि ड्रायव्हरला सांगितलं, सावकाश, या बाईच्या वेगाने. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला, पण गाडी त्याने चालल्यासारखी चालवली. गल्ली शांत होती, सपाट आणि सरळ. अश्लेषाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि कॅरियर धरला, कुंडीच्या शेजारी.

"चालव. धरलंय मी."

शुभा चालवत राहिली. घंटी वाजवत राहिली. गार्डकाकांनी दोन हात वर केले. गल्लीच्या टोकाला सिग्नल होता, आणि पलीकडे गाड्यांचा मोठा रस्ता. हिरवा दिवा लागला. ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. अश्लेषा काही हात काढेना. तिची जातच तसली.

शुभा समोर बघत म्हणाली, "अगं, आता सोड की."

मागचं ओझं हललं, आणि गेलं. टॅक्सी वळली. शुभा एक पाय टेकून सिग्नलपाशी उभी राहिली. दिवा लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. ती किती वेळ तिथे उभी होती ते मीटरला माहीत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवने बुटांच्या नाड्या बांधता बांधता, घडी घालून भिंतीला टेकवलेल्या सायकलचं मीटर वाकून बघितलं.

"वा. सरासरी पंधरा. मी तर चौदाच धरली होती." तो खुशीत आला. "पोचलीस ना वेळेवर?"

"अर्धा तास आधी," शुभा म्हणाली.

"बघ. हिशेब म्हणजे हिशेब." आणि तो बस चुकू नये म्हणून पळाला.

शुभाने गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घातलं. मग दूध कोमट झालंय का ते बोट बुडवून पाहिलं, आणि डब्याच्या तळाशी उरलेलं चमचाभर दही त्यात कालवलं.